दुसरी सही

८ जून २०२५, रविवार

ही वही दयानंदने दिली. लॅबमधली जुनी नोंदवही आहे, निम्मी कोरी राहिलेली. दयानंद बेळगावचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, शेजारच्या टेबलावर बसतो. म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलत तर नाहीसा. लिहा तरी की."

मला लिहायची सवय नाही. आमची लॅब बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आहे. दुकानांचे, कारखान्यांचे, दवाखान्यांचे वजनकाटे तपासून दाखला देणं हे माझं काम. तिथे एकाने आकडा वाचून लिहायचा आणि सही करायची, दुसऱ्याने पडताळून शेजारी दुसरी सही करायची. एका सहीची नोंद धरत नाहीत. या वहीत एकच सही असणार.

माझे यजमान पद्मनाभ गेल्याला नऊ महिने झाले. नणंद, मुग्धाताई, पुण्याहून दोन दिवस आल्या होत्या. आज दुपारी गेल्या. माझ्या मुलाचं, तनयचं, कौतुक त्यांच्या तोंडून संपत नव्हतं. तो वडिलांचं वर्ष पाळतो आहे. एकभुक्त राहतो, बाहेरचं खात नाही, गोड बंद. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी. "एकोणीस वर्षांचा मुलगा, बंगळूरसारख्या गावात, इंजिनीअरिंगला, आणि हे पाळतो. दादाला गती मिळणार गं याच्यामुळे," म्हणाल्या. जाताना दारात माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तूही छान बारीक झालीस. तब्येत राखलीस हो."

तनयने त्यांच्यासाठी डबा करून दिला. तो आता स्वयंपाक उत्तम करतो. पोळ्या तर माझ्यापेक्षा पातळ.

१५ जून, रविवार

तनय पहाटे धावायला जातो. परत आला तेव्हा ओठ निळसर होते. जूनमध्ये इथे गारठा असतोच, तरी घरात दोन स्वेटर जास्त वाटतात. न्हाणीघराच्या जाळीत केस फार अडकतात. त्याचेच आहेत.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहितो. चष्मा लावूनच वाचता येईल. धावण्याचे हिशेब असावेत.

त्याने माझ्यासाठी वरणफळं केली. मी डब्यात उद्याला ठेवली. रात्री मला भूक लागत नाही, चहा पुरतो.

२५ जून, बुधवार

अकराला कॉलेजमधून फोन आला. तनय जिन्यात चक्कर येऊन पडला. कॉलेजजवळच्या दवाखान्यात नेलं होतं. मी पीण्याहून पोचेपर्यंत तासभर गेला.

नाडी मिनिटाला एक्केचाळीस. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. विचारलं, काय खातो? मी सांगितलं, एकभुक्त आहे, वडिलांचं वर्ष चालू आहे. त्यांनी विचारलं, त्या एका वेळेला काय खातो? तो नेहमी मी कामावर असताना जेवलेला असतो.

मग त्यांनी त्याचा सदरा वर करायला सांगितला. पाठीचे मणके एकेक मोजता येत होते. दंडावर मऊ लव आली होती, तान्ह्या मुलासारखी. घरात सदैव पूर्ण बाह्यांचे कपडे. मी त्याला असा किती दिवसांत पाहिला नव्हता ते आठवलं नाही.

काट्यावर उभं केलं. आकडा मीच वाचला, सवयीने. मग काट्याचा दाखला कधी संपतो ते पाहिलं. मुदतीत होता. आकडा खरा होता.

२८ जून, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी हेब्बाळला पाठवलं, तिथे खाण्याच्या आजारांचं वेगळं केंद्र आहे. घरून, बनशंकरीहून, दोन तास लागले. डॉक्टरांनी तनयला तपासलं. नंतर आहारतज्ज्ञ रंजिता माझ्याशी बोलल्या. निपाणीच्या आहेत, त्यामुळे मराठीत बोलता आलं. बरं वाटलं.

त्यांनी सांगितलं ते असं. हा उपास नाही, आजार आहे. उपास त्याच्या आड लपला. मुलींना होतो एवढंच लोकांना ठाऊक, म्हणून मुलगे उशिरा सापडतात. शरीर उपाशी राहिलं की मेंदू अडकतो, मग खायची भीती वाटते, खरोखरची, आपल्याला उंच कड्यावर वाटेल तशी. म्हणून "खा की" म्हणून भागत नाही.

मी विचारलं, "कशामुळे झालं? माझं काही चुकलं का?"

"एका कशानं होत न्हाई, अक्का. रक्तात थोडं असतंय. स्वभाव असतोय, सगळं नेमकं करणारा. त्यात घरात मरण. त्यात मोबाइलवर पोटाचे सिक्स-पॅक दाखवणारी पोरं. त्यात बारीक झालं की चारचौघं शाबासकी देतात. शाबासकी कुणी कुणी दिली?"

मी म्हटलं, सगळ्यांनी. मीही.

"मग आता सगळ्यांनी बंद करायची."

नियम दिले. तीन जेवणं, तीन मधली खाणी. दर वेळी मी समोर बसायचं, ताट संपेपर्यंत. वाद नाही, लालूच नाही, रागावणं नाही. घरचा काटा काढून टाकायचा. वजन इथेच होणार, तनयची पाठ काट्याच्या पडद्याकडे. आकडा त्या मला सांगणार, मी त्याला सांगायचा नाही, कुठे लिहून ठेवायचा नाही. या वहीतही नाही. तीस वर्षं मी आकडा वाचून सांगायचं काम केलं आहे. न सांगणं जमवावं लागेल.

तीन आठवड्यांत वाढ दिसली नाही आणि नाडी वर आली नाही तर दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. हृदय थांबू शकतं, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. थांबलेलं एक हृदय या घराने पाहिलं आहे.

निघताना रंजितांनी विचारलं, "तुम्ही रात्रीला काय खातासा?" मी सांगितलं, चहा. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. माझा यात काय संबंध ते समजलं नाही.

बिनपगारी रजा घेतली. दोन महिने.

३० जून, सोमवार

घरचा काटा लॅबमध्ये नेऊन दिला. दयानंदने विचारलं, "किती चुकतोय?"

"चुकत नाही. घरी नको आहे."

त्याने काटा कपाटात ठेवला.

१ जुलै, मंगळवार

सकाळ: एक धिरडं, लोणी. ५० मिनिटं.
दुपार: पोळी दोन, वरण, भात. १ तास २० मिनिटं. एक पोळी स्वेटरच्या बाहीत गेली होती. काढून ताटात ठेवली.
रात्र: खिचडी, तूप. तुपाचा चमचा ओतल्यावर उठून खोलीत गेला. मी ताट घेऊन दाराबाहेर बसले. चाळीस मिनिटांनी दार उघडलं.

"तू इन्स्पेक्टर आहेस का माझी?"

"हो. तीस वर्षं तेच करते."

किंचित हसला असं वाटलं. निम्मी खिचडी खाल्ली.

६ जुलै, रविवार

आज त्याने ताट भिंतीवर मारलं. वरण सगळीकडे. म्हणाला, बाबा असते तर असं केलं नसतं. मी भिंत पुसली आणि दुसरं ताट वाढलं.

ते ताट त्याने संपवलं. दोन तास लागले.

१२ जुलै, शनिवार

हेब्बाळ. वजन वाढलं. चांगलंच वाढलं. रंजिता खूश झाल्या. परतीच्या बसमध्ये मी तो आकडा मनात फिरवत होते. शरीर असं वाढत नाही. ते रोज थोडं वरखाली होतं, त्यात कचरा असतो. ही वाढ फार स्वच्छ होती.

घरी येऊन पुस्तकांच्या फळीकडे पाहिलं. लॅबमधून बाद झालेली पितळी वजनं पद्मनाभनी कागद उडू नयेत म्हणून तिथे ठेवली होती, अर्ध्या अर्ध्या किलोची दोन. धुळीत दोन स्वच्छ गोल होते.

तनयच्या समोर हात पुढे केला. त्याने खिशातून काढून दिली. हातांचा घाम लागला होता.

मी म्हटलं, "यांना बोटांनी धरत नाहीत. काळी पडतात."

तो रडायला लागला. "मला नाही जमत आई. मला कळतं आणि जमत नाही."

रंजितांना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यात काय नवल न्हाई. आजार हुशार असतोय, पोरगं न्हवं. पुढच्या वेळी दवाखान्याचे कपडे घालून."

२० जुलै, रविवार

काल खरं वजन झालं. थोडी वाढ आहे, पुरेशी नाही. नाडी त्रेचाळीस. डॉक्टरांनी २३ ऑगस्टपर्यंत मुदत वाढवली. त्यापुढे नाही.

आज वर्षश्राद्धाची तिथी पाहायला कॅलेंडर खाली काढलं आणि चष्मा लावला. पेन्सिलीचे आकडे धावण्याचे नव्हते. दर रविवारी एक, जानेवारीपासून काटा घरातून जाईपर्यंत, एकेक उतरत गेलेले.

मागच्या खिळ्यावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. तेही काढलं. २५ ऑगस्टपर्यंत दर रविवारच्या चौकोनात माझ्या हातचा शाईचा आकडा आहे. ते पद्मनाभचं वजन. डॉक्टरांनी त्यांना वीस किलो उतरवायला सांगितलं होतं. मी दर रविवारी त्यांना काट्यावर उभं करायचे आणि लिहायचे. कमी झालं की शेजारी बरोबरची खूण, वाढलं की काही नाही. पुढचा रविवार १ सप्टेंबर. तोवर ते गेले होते. त्या चौकोनात पेन्सिलीचा पहिला आकडा आहे. एकही रविवार सुटलेला नाही. कमी झालेल्या आकड्यांशेजारी बरोबरची खूणही आहे.

आकडे काढायची पद्धत माझीच. सातला मधोमध आडवी रेघ, लॅबमध्ये मारतो तशी. मीच शिकवली होती पहिलीत.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. शेवटच्या बुधवारी रात्री अळूवड्या केल्या होत्या. पद्मनाभनी पाचवी मागितली. मी ताटलीच उचलून आत नेली. म्हटलं, "रविवारी काट्यावर कोण उभं राहणार आहे?" ते हसले. तनय समोर बसला होता. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या दारात ते पडले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाचवी वडी मी फेकून दिली होती.

रात्री चहा घेतला.

३ ऑगस्ट, रविवार

मुग्धाताईंचा फोन आला. वर्षश्राद्ध १९ ऑगस्टला येतं, मंगळवारी. त्या दिवशी एकादशी आहे. तनयने फोन हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"आत्या, एकादशीला श्राद्ध आलं तर कर्त्याने जेवायचं नसतं ना? फक्त अन्नाचा वास घ्यायचा. मी वाचलंय."

"अगदी बरोबर. आपल्याकडे तसंच. वास घ्यायचा आणि ताट गाईला घालायचं. किती माहिती आहे गं याला."

तनयच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजेड दिसला. मला तो उजेड आवडला नाही. जेवताना म्हणाला, "श्राद्ध नीट व्हायचं तर आठवडाभर आधीपासून हलकं खावं लागेल." आठवडाभर हलकं खाल्लं तर २३ तारखेला काय होईल ते त्यालाही माहीत आहे. निदान मला माहीत आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

मुलगा आजारी असताना वडिलांचं श्राद्ध अडवायचं नाही, आणि श्राद्धासाठी मुलगा घालवायचाही नाही. मधला रस्ता काढायला आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आचार्यांकडे गेले. पौरोहित्य करतात, माध्व वैष्णव आहेत. माझं कन्नड मोडकं. "स्वल्प विचारायचं होतं" इथून सुरुवात केली.

एकादशीचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. एकादशीला आम्ही श्राद्ध करतच नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी करतो, द्वादशीला. त्या दिवशी कर्त्याने जेवायलाच हवं. श्राद्ध करून कर्ता उपाशी उठला तर श्राद्ध पुरं होत नाही.

"हे नक्की?"

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "अम्मा, पन्नास वर्षं सांगतोय."

मी बुधवार २० तारीख ठरवून आले.

१० ऑगस्ट, रविवार

मुग्धाताई रागावल्या. "आपण स्मार्त. आपली रीत सोडून तिथल्या लोकांची कशी धरतेस? दादाची तिथी चुकवणार तू?"

मी म्हटलं, "ताई, पंचवीस वर्षं इथे राहतोय. इथली रीत धरली तर चालेल."

"आणि पोराचा नेम? वर्षभर सांभाळलेला?"

मग मी सांगितलं. नाडी, चक्कर, नळी, सगळं. नाव सांगितलं आजाराचं. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "मी त्याला शाबासकी दिली गं." मी म्हटलं, मीही दिली.

तनय ऐकत होता. "तू मुद्दाम केलंस," म्हणाला.

"हो."

१६ ऑगस्ट, शनिवार

नाडी चव्वेचाळीस. वजन गेल्या खेपेइतकंच. रोजची सहा खाणी चालू. लिहायला वेळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, पुढचा शनिवार ठरवेल.

२० ऑगस्ट, बुधवार. द्वादशी

मुग्धाताई काल आल्या. पहाटेपासून दोघींनी स्वयंपाक केला. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी, अळूवडी. अळूवडी मी वर्षात केली नव्हती.

आचार्य साडेबाराला उठले. जाताना तनयला कन्नडमध्ये म्हणाले, "जेव पोटभर. वडील वाट बघतायत."

केळीचं पान मांडलं. तनय बसला. खीर, वडे, सगळं वाढलेलं. मी समोर पाटावर बसले, रोजच्यासारखी, रिकाम्या हातांनी. दहा मिनिटं त्याने पानाला हात लावला नाही. मुग्धाताई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या.

"तुझं पान कुठंय?" तनय म्हणाला.

"बायका नंतर बसतात. मी नंतर जेवेन."

"नंतर म्हणजे चहा?"

मी पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"तुला वाटतं मला दिसत नाही. बाबा गेल्यापासून तू रात्री जेवली नाहीस. एकदाही नाही. माझी वही लिहितेस, ह्याला इतकी मिनिटं, त्याला तितकी. तुझी कोण लिहितंय?"

"मला भूक लागत नाही."

"मीही तेच सांगायचो," तो म्हणाला. मग खाली बघून, "पाचवी वडी तू टाकलीस ते मी पाहिलं होतं, आई. बाबा वडीने गेले नाहीत. डॉक्टर तेव्हाच बोलले होते. तुला ऐकू आलं नसेल."

मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

मुग्धाताई वळल्या. दुसरं पान आणलं, माझ्यापुढे मांडलं आणि वाढायला लागल्या. एरवी शास्त्र सांगणाऱ्या. मी म्हटलं, "ताई, अजून—" तर म्हणाल्या, "रीत बदलायचीच आहे ना तुला? मग पुरती बदल. बस गप."

मी अळूवडी उचलली. तोंडात घातली आणि गिळता येईना. चावून चावून चोथा झाला. भीती वाटली, खरोखरची, उंचावर वाटते तशी. रंजिता म्हणाल्या होत्या तेव्हा मी ते नुसतं लिहून घेतलं होतं.

तनय माझ्याकडे बघत होता. घड्याळाकडे नाही. म्हणाला, "पाण्याबरोबर घे. एक घोट. मी असंच करतो."

घेतला. वडी गेली. मग त्याने खिरीत बोट बुडवलं.

एक तास चाळीस मिनिटं लागली. त्याच्या पानावर एक वडा आणि थोडा भात राहिला. माझ्या पानावर जास्त राहिलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

हेब्बाळ. नाडी सत्तेचाळीस. वजन वाढलं, अस्वच्छ वाढ, शरीराची असते तशी. दाखल करायचं नाही. दर आठवड्याला यायचं, आणि हे वर्षभर चालेल, मध्ये घसरेलही, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, चालेल.

रंजितांनी या वेळी मलाही काट्यावर उभं केलं. पाठ पडद्याकडे. आकडा सांगितला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन्ही कॅलेंडरं जपून ठेवायची की टाकायची ते ठरत नव्हतं. तनय म्हणाला, जुनं टाक, या वर्षीचं राहू दे, तिथ्या लागतात. आजचा चौकोनही कोरा आहे.

रात्र, आठ वाजता. तनय: पोळी दोन, पिठलं, भात, तूप. ५५ मिनिटं. तूप वाढताना ताट मागे घेतलं, मग पुढे केलं.

— सु.

आई: पोळी एक, पिठलं. ३७ मिनिटं. अर्धी पोळी वाटीखाली लपवली होती. सापडली. खाल्ली. भात उद्यापासून.

— त.

(खालची नोंद माझी नाही. भांडी घासून आले तेव्हा वहीत होती. साताला आडवी रेघ आहे. पडताळली. बरोबर आहे.)